भोजलीचा जांगर

रमशीलाचं डोकं फिरवायला दोन शब्द पुरेसे होते: ‘बरं आहे.’

“कशी आहेस, भोजली?”

“बरं आहे.”

“जेवलीस का?”

“बरं आहे.”

जेवलीस का, याला बरं आहे हे काय उत्तर झालं? पण गेले दहा महिने भोजलीकडे दुसरं उत्तर नव्हतं. आणि तेही द्यायचं ते मांडीवरच्या सुपातून मान वर न करता, जणू विचारणारी रमशीला नसून दारातली शेळी आहे.

रमशीला गावची मितानिन. मितानिन म्हणजे मैत्रीण. सरकारने आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला हे नाव देताना काय विचार केला देव जाणे, कारण कुठली मैत्रीण रजिस्टर बगलेत मारून दारात येते? पण अठरा वर्षं ती हे काम करत होती. बाळंतिणींना बैलगाडीतून नेलं, पोरांना डोस पाजले, दारुड्यांच्या शिव्या खाल्ल्या. साऱ्या गावाचं दुखणं तिला तोंडपाठ होतं. फक्त स्वतःच्या भोजलीला काय झालंय, तेवढं तिला सांगता येत नव्हतं.

भोजली हे काही त्या बाईचं नाव नव्हे. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या. तिसऱ्या वर्षी भादव्यात, भोजलीचे कोंब पाण्यात सोडायच्या दिवशी, तळ्याच्या काठावर दोघींनी टोपलीतले गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानावर खोचले, ‘सीताराम भोजली’ म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घेणं बंद. सख्ख्या बहिणी भांडतात, वाटण्या मागतात, बोलणं टाकतात. भोजलीला ती मुभा नाही. भोजलीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. रमशीलाला या नात्याचा फार अभिमान होता, आणि हल्ली त्याचाच वैतागही. नाव घेऊन खडसावता येत नाही, भांडता येत नाही, मग करायचं काय माणसाने?

ही भोजली एकेकाळी निंदणीची राणी होती. वीस बनिहारिणी, म्हणजे मजूर बायका, धानात उतरल्या की हिची ओळ सगळ्यांच्या पुढे. वाकलेली असतानाच ददरिया सुरू करायची, मागच्या बायका ओळीला ओळ जोडायच्या, आणि बांधावरून जाणारा एखादा बाप्या गाण्यात सापडला तर त्याची धडगत नसायची. संध्याकाळी परतताना लुगड्याच्या ओच्यात भाजी. चुनचुनिया, करमत्ता, बांधावरचा चरोटा. मालकाच्या लेखी ते तण होतं. या बायकांच्या लेखी रात्रीचं कालवण.

मग मालकांना औषध सापडलं. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस एका सकाळी जे मारतो, ते वीस बायका आठ दिवसांत उपटायच्या. तण गेलं, निंदणी गेली, ओच्यातली भाजी गेली, ददरिया गेला. काही जणी वीटभट्टीला लागल्या, काही रायपूरला बांधकामावर. भोजली राहिली. रोवणी आणि कापणी, एवढीच काय ती मजुरी. घरी सोसायटीचा, रेशनचा तांदूळ होता, त्यामुळे पोट रिकामं नव्हतं. रात्रीच्या भातात पाणी ओतायचं, सकाळी ती बासी मिठाशी नाहीतर टोमॅटोच्या चटणीशी खायची. पूर्वीही बासीच होती. पण पूर्वी तिच्या जोडीला भाजी असायची, मही म्हणजे ताक असायचं, कधी सुक्सी मासळी असायची.

मागच्या कापणीत, भर उन्हात, भोजली विळा बाजूला ठेवून बांधावर बसली. बायका म्हणाल्या, चक्कर आली असेल. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही.

“जांगर सरला गं,” ती रमशीलाला म्हणाली होती. त्यानंतर ‘बरं आहे’ शिवाय निघालेलं ते शेवटचं वाक्य.

जांगर म्हणजे अंगातली कामाची धमक. इथे माणसाची सगळी किंमत त्यात. जांगर असेल तर बाई धडधाकट, नसेल तर म्हातारी. आणि असून वापरला नाही तर अंगचोर. बनिहारिणींनी पंधरा दिवसांत निकाल लावला: अंगचोर. घरात नवरा मनराखन तेच म्हणायला लागला. दिवसभर ओसरीत बसते, सूप घेऊन तांदूळ निवडते, दुपारी निवडते, संध्याकाळी निवडते. एवढे कसले खडे असतात तांदळात?

“वहिनी, तुमच्या भोजलीला एखाद्या बैगाला, मांत्रिकाला तरी दाखवा,” तो रमशीलाला म्हणाला. “नाहीतर तुमच्या रजिस्टरात घाला. माझ्या घरात नुसती भिंत बसवल्यासारखी बसलीय.”

“भिंतीला निदान पोतेरं तरी लावतोस, भाऊ,” रमशीला म्हणाली. “हिला कधी विचारलंस काय होतंय म्हणून?”

“विचारलं की. बरं आहे म्हणते.”



असं सगळं असताना कुंवारात, म्हणजे आश्विनात, रायपूरहून पाहणीवाल्या मॅडम आल्या. निवेदिता मॅडम. शेतावर राबणारे काय खातात आणि त्यांचं मन कसं असतं, हे एकाच फॉर्मवर लिहून न्यायचं होतं. रमशीलाने वीस बनिहारिणी अंगणवाडीत गोळा करायच्या होत्या. गोळा केल्या. भोजलीला हाताला धरून आणलं.

आणि मग जे सुरू झालं, ते पाहून रमशीलाला स्वतःच्या कपाळावर पाटी आपटून घ्यावीशी वाटली.

“काल काय काय खाल्लंत?” मॅडमने पहिलीला विचारलं.

“डाळ, भात, दोन भाज्या, दूध,” पहिली म्हणाली. तिच्या घरात दूध शेवटचं आलं ते नातवाच्या बारशाला.

दुसरी कशी मागे राहील? तिने दह्याची भर घातली. तिसरीने पनीर. पाहुण्या बाईसमोर, भरल्या अंगणात, आपल्या घरची चूल कोण कमी सांगेल? मॅडम भराभर लिहीत होत्या. रमशीला मागून खुणा करत होती, खोकत होती, शेवटी न राहवून ओरडली, “अगं खरं सांगा, लग्नाची पंगत नका सांगू!”

“दीदी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “उत्तरं त्यांचीच यायला हवीत.”

“ही उत्तरं यांची नाहीत, मॅडम. यांच्या व्याह्यांची आहेत.”

बायका हसल्या, पण एकीनेही पनीर मागे घेतलं नाही.

मग भोजलीची पाळी आली.

“नाव?”

भोजली गप्प. मॅडमने रमशीलाकडे पाहिलं.

“मी नाही घ्यायची,” रमशीला म्हणाली. “कार्डावर आहे, वाचा.”

“अंजोरा बाई,” मॅडमने वाचलं. अंजोर म्हणजे उजेड. कित्येक वर्षांनी ते नाव कानावर पडलं आणि रमशीलाला उगाच कसंसं झालं.

“काल काय खाल्लंत?”

“बासी.”

“कशाबरोबर?”

“मीठ.”

“आणि संध्याकाळी?”

“भात. मीठ.”

पूर्ण अंगणात एकटी खरं बोलणारी तीच निघाली. खोटं बोलायलाही माणसात काहीतरी हौस लागते. मॅडमने पान उलटलं. आता मनाचे प्रश्न होते, नऊ.

“मागच्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं?”

“बरं आहे.”

“उदास वाटलं?”

“बरं आहे.”

“थकवा?”

भोजलीने पहिल्यांदा मान वर केली. “जांगर नाही.”

मॅडमने फॉर्म वरून खाली पाहिला. “जांगर... हे शरीरात लिहू की मनात?”

“जिथे जागा असेल तिथे लिहा, मॅडम!” रमशीला म्हणाली. “आमच्याकडे दोन्ही एकाच अंगात असतात.”

मॅडमने तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, आणि दोन्हीकडे खूण केली. तेवढ्यापुरती ती पोरगी रमशीलाला आवडली. नववा प्रश्न मात्र मॅडमने आवाज खाली आणून विचारला. मेलेलं बरं, असं कधी मनात येतं का?

यावर भोजली ‘बरं आहे’ म्हणाली नाही. अंगणात कोंबड्या टिपत होत्या, त्यांच्याकडे पाहत राहिली.

मग बोट टोचून रक्त तपासलं. यंत्रावर हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार आलं. मॅडमने पुन्हा टोचलं. पुन्हा तेवढंच. वीस जणींत सगळ्यात कमी. मॅडमने तालुक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, खाली दोन रेघा ओढल्या, आणि रमशीलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दीदी, यांना उद्याच न्या. रक्तासाठी न्या, आणि त्या नवव्या प्रश्नासाठीही. एकटं ठेवू नका.”

रमशीलाने मनराखनला गाठून सांगितलं, आज हिच्यावरून नजर हलवायची नाही, आणि फवारणीचं औषध नि पंप ठेवतोस त्या खोलीला कुलूप घाल. तो लगेच गेला आणि कुलूप घातलं.

सकाळी आठला रमशीला तिच्या दारात. बस साडेनऊला. मनराखन खाटेवर बसून होता. तिला पाहून उठला आणि बैल सोडायला गेला. भोजली ओसरीत, मांडीवर सूप.

“ऊठ. लुगडं बदल. दवाखान्यात जायचंय.”

“जाईन.”

“कधी?”

“बरं आहे.”

रमशीला फतकल मारून समोर बसली. डोक्यात घण पडत होते. मितानिन म्हणून शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं, हळू बोला, डोळ्यांत बघा, घाई करू नका. मग ते सगळं बाजूला सारलं आणि सरळ विचारलं, “भोजली, मरावंसं वाटतं का गं तुला?”

भोजलीच्या बोटांत एक दाणा होता. तो तिने बाजूला ठेवला.

“मरायलाही जांगर लागतो, भोजली,” ती म्हणाली. “विहिरीपर्यंत चालावं लागतं.”

इतक्या साध्या आवाजात, की रमशीलाला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा डोळे भरून येऊ नयेत म्हणून तिने खाली पाहिलं, तिथे पालथ्या पानावर भोजलीने बाजूला काढलेले दाणे होते. मूठभर. जरा पिवळट, जरा गुळगुळीत, सगळे एका मापाचे.

“हे काय?”

“ते प्लास्टिकचे.”

“कसले?”

“तूच तर सांगितलं होतंस,” भोजली म्हणाली.

रमशीलाने एक दाणा उचलून बोटांत फिरवला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या फोनवर कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. सोसायटीच्या तांदळात प्लास्टिक, पाण्यात तरंगतं, आतडी कुजवतं. रमशीलाने ती लिंबाखाली बसून पंचवीस बायकांना दाखवली होती. वेगळा दिसणारा दाणा वेचून फेका, पोरांच्या पोटात जाऊ देऊ नका! मितानिनच सांगतेय म्हटल्यावर गाव हादरलं. सहा महिन्यांनी ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी तो दाणा हातावर घेऊन दाखवला. प्लास्टिक नाही, तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मळून केलेला दाणा. शंभरात एक मिसळतात. रमशीला तिथेच लाजेने अर्धी झाली होती. परत येऊन तिने अंगणवाडीच्या भिंतीवर पोस्टर चिकटवलं, बैठकीत एकदा घाईघाईने सांगितलं, अंगठे घेतले, आणि विषय मिटवला. स्वतःचीच चूक कोण ढोल वाजवून सांगतं?

तशीही बाकीच्या बायकांनी आठवड्याभरात वेचणं सोडलं होतं. पस्तीस किलो तांदळातून एकेक दाणा कोण वेचत बसेल! आळशी होत्या त्या तरल्या. राहिली एकच, जिचा हात सुपावर बसलेला आणि जिला शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. त्या बैठकीला भोजली नव्हती. रमशीलाच्या मनात आलंही होतं, हिला वेगळं सांगायला हवं. मग वाटलं, घरचीच तर आहे, सांगू केव्हाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शंभरातला तो एक दाणा पोटात गेला असता, तर भोजली आज ददरिया म्हणत असती का? रमशीलाला ठाऊक नव्हतं. निंदणी गेली, भाजी गेली, सोबत गेली, ते काही एका दाण्याने परत येत नाही. पण उरलंसुरलं जे ताटात येत होतं, ते या बाईने निवडून बाजूला काढलं होतं, रोज, मन लावून. आणि सारं गाव तिला अंगचोर म्हणत होतं.

“भोजली,” रमशीला म्हणाली. “ते प्लास्टिक नव्हतं गं. मी चुकले. ते तांदूळच आहेत. औषधाचे तांदूळ आहेत ते, रक्त वाढवणारे. मला कळलं होतं नंतर. मी सगळ्यांना सांगितलं आणि तुला सांगायचं राहिलं.”

भोजलीने मग सूप खाली ठेवलं, भिंतीला धरून उठली, आत गेली. भांडी हलल्याचा आवाज आला. बाहेर आली ती एक तेलाचा डबा फरफटवत. पत्र्याचा, पंधरा किलोचा. झाकण काढलं. अर्ध्याच्या वर भरलेला. पिवळट, गुळगुळीत, एका मापाचे दाणे. वर कडुलिंबाचा पाला.

“हे... हे तू ठेवलंस?”

“तांदूळ कसा फेकू?” भोजली म्हणाली. “तू म्हणालीस फेक. प्लास्टिक असेलही. पण दिसतो तर तांदळासारखा. लक्ष्मी उकिरड्यावर टाकू? कोंबड्यांना घालावा तर त्या मरतील. म्हणून ठेवला.”

दोन वर्षांचं औषध पत्र्याच्या डब्यात. रमशीलाने हात घातला. खालचे दाणे जाळीने धरलेले, किड्यांनी पोखरलेले, हातात पीठ येत होतं. जेवढा पश्चात्ताप तेवढीच चीड, आणि चीड आली की तिची जीभ थांबत नसे.

“कीड लागलीय सगळ्याला,” ती म्हणाली. “आता काही उपयोगाचा नाही हा. फेकून दे.”

“काय?”

“फेकून दे म्हटलं.”

भोजलीचे ओठ थरथरायला लागले. रमशीलाला वाटलं, आता रडणार. निदान रडेल तरी, तेवढंच बरं.

पण भोजली रडली नाही.

“प्लास्टिक होता तेव्हाही फेक!” ती ओरडली. “आता तांदूळ झाला, तरी फेकच! तुझं एक काय ते ठरव ना, बाई! दोन वर्षं डोळे फोडून घेतले मी. मान मोडली. नवरा हसला, गाव हसलं. कशासाठी? तू म्हणालीस म्हणून! आणि गावभर सांगत फिरलीस, आणि माझं दार तेवढं लांब पडलं तुला? माझं दार?”

शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली. गोठ्यातून मनराखन हातात दावं घेऊन धावत आला आणि दाराशीच थबकला. दहा महिन्यांत या ओसरीतून एवढा आवाज निघाला नव्हता.

रमशीला खाली मान घालून ऐकत राहिली. भोजली भोजलीशी भांडत नाही, ही रीत आज मोडत होती, आणि रमशीलाला वाटत होतं, मोडू दे, अजून मोड, भांड माझ्याशी. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडावर हसूही होतं. त्या हसण्याने भोजली आणखीच भडकली.

“हसतेस काय? आता तुझ्या शब्दावर नाही विश्वास माझा. प्लास्टिक की तांदूळ, फेकायचा की ठेवायचा, मी डॉक्टरलाच विचारते. कुठाय ती चिठ्ठी?”

रमशीलाने मुकाट्याने चिठ्ठी पुढे केली.

भोजलीने लुगडं बदललं. डब्याला झाकण लावलं, डोक्यावर चुंबळ ठेवली. मनराखन डबा उचलायला पुढे झाला, तिने त्याचा हात बाजूला केला. डबा स्वतः चढवला आणि निघाली. पुढे ती, चार पावलं मागे रमशीला. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एकीने विचारलं, कुठे निघालीस? भोजलीने उत्तर दिलं नाही. ‘बरं आहे’ सुद्धा म्हणाली नाही.

तळ्यापर्यंत गेली. चिंचेशी पावलं अडखळली. बसथांबा अजून दोन शेतं लांब होता. तिने डबा कसाबसा उतरवला आणि मुळावर बसली. ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी चालत होती. रमशीला शेजारी टेकली. पदराने वारा घातला. पाण्याच्या कडेला जिथे दोघींनी एकमेकींच्या कानावर कोंब खोचले होते, तिथे आता म्हशी डुंबत होत्या.

थोड्या वेळाने भोजली उठली. डब्याकडे पाहिलं, मग रमशीलाकडे.

“उचल,” ती म्हणाली. “माझा जांगर इथवरच.”

रमशीलाने डबा डोक्यावर घेतला.

“पण डॉक्टरशी मी बोलणार,” भोजली चालता चालता म्हणाली. “तू तोंड उघडायचं नाहीस.”